वरणाच्या पातेल्यावरची टोपी

टोपी म्हणजे माणसाची प्रतिष्ठा, असे थोर लोक सांगत आले आहेत. आमच्या घरी ही प्रतिष्ठा दर रविवारी वरणाच्या उपड्या पातेल्यावर वाळत असे. बाबांची काळी टोपी ओल्या फडक्याने पुसली की आटू नये म्हणून आई ती पातेल्यावर चढवी. बाबांच्या डोक्याच्या मापाचे घरात तेवढेच एक भांडे होते. "माझ्यापेक्षा त्यालाच शोभते," असे बाबा म्हणत.

बाबांना जाऊन तीन वर्षे झाली. टोपी घालणारे आता घरात कुणी नाही, तरी आई रविवारी ती खुंटीवरून काढते, ब्रशने झाडते आणि बाहेरून पुसते. आतल्या पट्टीवर मात्र फडके नेत नाही. तिथे बाबांच्या खोबरेल तेलाचा डाग आहे.

परवा माझी बायको म्हणाली, "आई, आतून जरा साबणाचं पाणी लावा की. डाग जाईल."

"जाईल ना," आई म्हणाली. "म्हणून तर लावत नाही."

मग दूध नासले का पाहावे तशी तिने टोपी नाकाशी नेली.

"येतो का गं अजून?" मी विचारले.

"येतो थोडा. मागच्यापेक्षा कमी."

चौकातल्या पुतळ्याची टोपी जयंतीच्या आदल्या दिवशी बंबाने धुतात. तिचा वास घ्यायला कुणी शिडी लावल्याचे मी पाहिलेले नाही.

त्या दिवशी पातेले संध्याकाळपर्यंत मोकळे झाले नाही. वरण कढईत केले.