डावीकडून तिसरी

मच्छिंद्र फिटरच्या बैठकीच्या खोलीत फरशीवर खडूच्या रेघा होत्या आणि सून राजेश्वरी रोज त्या चुकवून फरशी पुसायची. प्रत्येक रेघेशेजारी तारीख लिहिलेली. शेवगावच्या बाजूला कुणाच्या घरात असा नकाशा दिसला, तर लोकांना आधी भावाभावांतली वाटणी आठवते. इथे वाटणी नव्हती. मच्छिंद्र दोन स्पीकरसाठी योग्य जागा शोधत होता, आणि आठ महिने झाले तरी ती सापडत नव्हती.

बत्तीस वर्षं त्याने साखर कारखान्यात उसाच्या मिलवर काढली. तिथे माणसं कामावर असताना हातवाऱ्यांनी बोलतात आणि निवृत्त झाल्यावर ओरडून. मच्छिंद्र देवापुढे पुटपुटला, तरी त्याने काय मागितलं ते शेजारच्या गल्लीला कळायचं. पण यंत्राची नाडी त्याच्या तळहाताला कळायची. बेअरिंगवर हात टेकून तो म्हणायचा, "हे आठ दिवस काढील." नवव्या दिवशी ते जायचं.

घरातलं माणूस मात्र त्याला न कळवता गेलं. बायको चांगुणा तीन वर्षांपूर्वी, ऐन गाळपाच्या हंगामात, धुणं वाळत घालताना खाली बसली ती उठलीच नाही. हृदय मोठं झालं होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

चांगुणा गावच्या भजनी मंडळात होती. जाण्याच्या आधीच्या वर्षी त्या आठजणी नगरला एका स्टुडिओत जाऊन दोन गवळणी रेकॉर्ड करून आल्या होत्या. त्या दिवशी मच्छिंद्र मिलच्या गिअरबॉक्समध्ये कोपरापर्यंत ग्रीसमध्ये होता. तिचं भजन ऐकायला तो कधीच गेला नव्हता. हंगामात कामाची पाळी असायची आणि हंगाम नसताना दुरुस्ती. ती गेल्यावर शोधाशोध केली तेव्हा लक्षात आलं, की घरात तिचे फोटो ढीगभर आहेत आणि आवाज कुठेच नाही. आहे तो स्टुडिओवाल्याने दिलेल्या पेन ड्राइव्हमध्ये, आणि तोही आठजणींत मिसळलेला.

सुप्याच्या कंपनीत नोकरीला असलेल्या मुलाने, ओंकारने, बापासाठी अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आणले. पेन ड्राइव्ह लावला. आठ बायका एकदम गायला लागल्या, आणि मच्छिंद्रला त्यातली आपली बायको ओळखू येईना.

ज्या आवाजाने संसारभर त्याला जेवायला हाक मारली, तो आवाज. आपण तो विसरलो की काय, असं त्याला वाटलं. बोलताना मात्र त्याने स्पीकरला दोष दिला.

ओंकार स्टुडिओवाल्याला विचारून आला. तो म्हणाला, बायका एका रांगेत उभ्या होत्या, रेकॉर्डिंग दोन माइकवर आहे. स्पीकर बरोबर मांडले, तर प्रत्येक बाई आपल्या जागेवरून ऐकू येईल. त्या दिवशीच्या फोटोत चांगुणा डावीकडून तिसरी होती. झालं. फिटरला नेमकं काम मिळालं.

पहिल्यांदा स्पीकर ज्वारीच्या दोन पत्र्याच्या कोठ्यांवर बसले. सुगीनंतर आवाज छान भरीव होता. मग घर ज्वारी खात गेलं, कोठ्या रिकाम्या होत गेल्या आणि पोळ्याच्या सुमारास गवळण विहिरीतून यायला लागली. मच्छिंद्रने अॅम्प्लिफायर दोनदा उघडून पाहिला. शेवटी राजेश्वरीने ज्वारी काढायला मापटं आत घातलं आणि कोठी नगाऱ्यासारखी वाजली, तेव्हा कुठे उलगडा झाला. दोष भाकरीचा होता.

मग त्याने चौकोनी पाइपाचे दोन स्टँड वेल्ड केले. पाइप पोकळ, तोही वाजणार, म्हणून त्यात वाळू भरली. आपल्या भागात लोक वाळू ट्रकने पळवतात. मच्छिंद्रने पाव घमेलं नेलं आणि तेही ग्रामसेवकाला सांगून. स्टँडची उंची बसलेल्या माणसाच्या कानाएवढी. स्पीकरखाली मोटरच्या कपलिंगच्या रबराचे चार चार तुकडे, म्हणजे स्पीकरचा हादरा स्टँडला जात नाही आणि स्टँडचा फरशीला. भिंतीपासून दीड हात अंतर. ओंकारने मोबाईलवर पाहून सांगितलं होतं, की दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा तिकोन सारख्या बाजूंचा हवा. मच्छिंद्रने तो सुतळीने मापला.

आवाज स्वच्छ झाला. भरीव झाला. पण सगळाच्या सगळा उजवीकडे कलला. आठही बायका उजव्या कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर पडून गात होत्या.

त्याने वायरी उलटसुलट केल्या. कल तसाच. स्पीकरची अदलाबदल केली. तसाच. म्हणजे खोलीचा दोष, असं ठरवून डाव्या भिंतीला गोधड्या टांगल्या. मग डावा स्पीकर रोज बोटभर पुढे यायला लागला, तारखेसकट.

खात्री करायला त्याने मिलवरच्या जुन्या जोडीदाराला, सूर्यभानला, बोलावलं. सूर्यभानने डोळे मिटून पूर्ण गवळण ऐकली.

"कसंय?" मच्छिंद्र ओरडला.

"उजवीकडनंच येतंय," सूर्यभान ओरडला.

"बघ. मी तेच म्हनतो."

"घराचा पाया खचला आसंल. लेव्हल लाव."

मच्छिंद्रने खरोखर फरशीला लेव्हल लावली. चहा घेऊन आलेल्या राजेश्वरीला गवळण अगदी डाव्या स्पीकरमधून येत होती, कारण तो आता जवळजवळ खोलीच्या मधोमध उभा होता. ती बोलली नाही. दोन दोन फिटर सांगतायत म्हटल्यावर बी.ए. झालेल्या सुनेने काय बोलायचं?

मंडळातल्या बायका गावातच होत्या. पण साठीच्या माणसाने परक्या बायकांच्या दारात उभं राहून 'यातली माझी बायको कोणती' असं विचारायचं, याला जीभ उचलत नव्हती. लंकाबाई मात्र स्वतःच आली. मंडळात ती पुढे म्हणायची आणि चांगुणा तिच्या खांद्याला खांदा लावून. दोन वर्षं ती राहात्याला लेकीकडे होती. गावात आल्या आल्या तिने मच्छिंद्रचा उंबरठा ओलांडला आणि कमरेवर हात ठेवून खोली पाहिली.

"भावजी, हे काय? एक पुढं, एक मागं. रुसल्यात का एकमेकांवर?"

"आवाज कलतो, लंकाबाई. म्हनून."

"सरळ करा आधी. माझ्या डोळ्यांना त्रास होतोय."

राजेश्वरीने डावा स्पीकर आठ महिन्यांपूर्वीच्या पहिल्या रेघेवर नेला. लंकाबाई खुर्चीत बसली. गवळण सुरू झाली, आणि दुसऱ्याच ओळीला तिने समोरच्या रिकाम्या हवेत बोट केलं.

"ही बघा. ही इथं मी. आन् ही माझ्या बाजूला चांगुणा."

राजेश्वरीही तिच्या मागे येऊन वाकली. "व्हय मावशी. आत्याच आहेत," ती हळूच म्हणाली.

 गाणं संपल्यावर मच्छिंद्रने लंकाबाईला उठवलं आणि तिच्याच खुर्चीत बसून पुन्हा ऐकलं. सगळं उजवीकडे. मग तो उठला, खुर्ची उलटी केली आणि स्पीकरकडे पाठ करून बसला. आता तरी आवाज दुसऱ्या अंगाने यायला हवा होता.

तो उजवीकडूनच आला.

फिटर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतो. त्याने वायरी बदलल्या होत्या, स्पीकर बदलले होते, भिंत बदलली होती. ऐकणारा तेवढा बदलला नव्हता. मच्छिंद्रने उजव्या कानात बोट घातलं. लंकाबाईचे ओठ हलताना दिसले. राजेश्वरीचे हलले. खोली पाण्याखाली गेल्यासारखी शांत होती. मिलचं तोंड त्याच्या डाव्या हाताला असायचं, बत्तीस वर्षं.

त्याने बोट काढलं.

"कान गेला हाय माझा," तो म्हणाला, आणि आयुष्यात बहुधा प्रथमच हळू बोलला. "डावा. पुरता."

 राजेश्वरी पदराशी चाळा करत राहिली. आपल्याला कळत होतं आणि आपण गप्प बसलो, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. लंकाबाईच पुढे झाली.

"विसरला न्हाईत ना तिला? मग झालं. कान काय, कुनाचा बी जातो."

"कंच्या स्पीकरात हाय ती?"

"डाव्या. आमी चौघी तिकडंच हुतो."

मच्छिंद्र उठला. उजव्या स्पीकरची वायर त्याने उपटली. डावा स्पीकर रबरांवरून, वाळूच्या स्टँडवरून, सुतळीने मापलेल्या तिकोनातून उचलला आणि खाली फरशीवर बसून मांडीवर घेतला, पोरगं घेतात तसा. पुढच्या जाळीला त्याने उजवा कान टेकवला.

"लाव ग," तो सुनेला म्हणाला.

चौघीजणी राहिल्या होत्या. लंकाबाई शेजारी बसली आणि चांगुणाचा आवाज वेगळा लागला की त्याच्या गुडघ्यावर बोटाने टकटक करायला लागली. पहिल्या कडव्याला त्याने नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याला हलवली नाही. तिसऱ्या कडव्यात त्याने डोळे मिटले, आणि त्याच्या तोंडावर असं काही आलं, की लंकाबाईने टकटक थांबवली.

ती सापडली होती. थोडी जाड, ओळीच्या शेवटी किंचित खाली उतरणारी. जेवायला हाक मारताना उतरायची तशीच.

पण त्याने हात वर करून गाणं थांबवायला लावलं.

"ओळ संपायच्या आधी सोडती ती," तो म्हणाला. "प्रत्येक बारीला. मधीच श्वास घेती. बाकीच्या न्हाई घेत."

लंकाबाई फरशीवरच्या रेघांकडे बघत राहिली.

"दम लागायचा तिला," ती म्हणाली. "त्या वर्षी लई लागायचा. ती थांबली की आमी ओळ लांबवायचो, कळू नये म्हनून."

"मला बोलली न्हाई."

"आमाला बी शपथ घातली हुती. हंगाम हाय म्हनायची. त्यांना कामावर घोर लावू नका म्हनायची."

मच्छिंद्रचा तळहात स्पीकरच्या अंगावर होता. बेअरिंग किती दिवस काढील, हे सांगणारा तो हात बराच वेळ तसाच राहिला. मग त्याने पुन्हा कान टेकवला आणि सुनेला बोटाने खूण केली. गवळण सुरू झाली. चांगुणा जिथे जिथे थांबत होती, तिथे तिथे तोही श्वास रोखून थांबत होता, आणि ती पुन्हा गायला लागली की सोडत होता.