वाणीची पहिली साक्ष

आमच्या मुलीचं नाव वाणी, आणि अडीच वर्षांची होईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही.

नाव मीच ठेवलं होतं. मी बुलढाण्याच्या कोर्टात वकिली करतो. वकिलाची पोरगी बोलण्यात कमी पडणार नाही, असा माझा ठाम समज! पोरीने तो पार धुडकावून लावला. हवं ते बोटाने दाखवायचं, नको असेल तर मान हलवायची. संपलं.

माझ्या मेव्हणीचा मुलगा वाणीच्याच वयाचा. तो फोनवर एक ते दहा म्हणून दाखवायचा. (सात कायम गायब. पण सांगायचं कोणाला?) फोन ठेवला की वैशाली, म्हणजे माझी बायको, उगीचच कपाट आवरायला जायची. मी मागोमाग जाऊन "होईल गं सगळं" म्हणायचो, आणि मग आधीच आवरलेलं ते कपाट आम्ही दोघं मिळून पुन्हा आवरायचो.

अशात आमच्या गावाहून, उंद्रीहून, माझी आई राहायला आली. तिने पहिल्याच दिवशी वाणीच्या पाठीमागे उभं राहून पितळी परात अशी बडवली, की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. वाणी ढिम्म! ती फरशीवरची मुंगी बघत होती.

"पोरीले ऐकू येते ना बे?" आईचा आवाज एकदम बारीक झाला.

वैशालीने मात्र आतल्या खोलीत जाऊन बिस्किटाचा पुडा हळूच फोडला. मुंगी राहिली जागेवर, वाणी आत हजर!

"येते," आई म्हणाली. "रिकाम्या परातीकडे काऊन पाहीन ते?"

तरी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. कान उत्तम निघाले. मग त्यांनी मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एका तज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी टेबलावर चित्रं मांडली.

"बाळा, हे काय आहे?"

"गाय," मी म्हणालो.

"आणि हे?"

"चेंडू. येतं तिला, घरी खेळते ना!"

"तुला कोणता चेंडू आवडतो?"

"लाल!"

मॅडमनी चित्रं खाली ठेवली. "वकील साहेब, वय काय तुमचं?"

"अडतीस."

"वयाच्या मानाने तुमचं बोलणं छान आहे. आता हिचं बघू का?"

कित्येक महिन्यांनी वैशाली मोकळं हसली. हसू माझ्यावर होतं, पण तेवढं चालतं.

मॅडमनी नीट समजावलं. काही मुलं उशिरा बोलतात. वेळेवर आलात, बरं केलं. दर आठवड्याला या. घरी तिच्याशी भरपूर बोला, पण काही विचारलं की मनात दहा आकडे मोजा आणि तिची वाट बघा. "तिच्या वतीने बोलायचं नाही. तिने वकीलपत्र दिलेलं नाही तुम्हाला!"

दहा आकडे! कोर्टात समोरचा वकील मला तीन मोजू देत नाही. "पाणी हवं का?" विचारून मोजायला लागलो, की सहाला माझी जीभ वळवळायची, सातला वैशाली डोळे वटारायची. असे दोन महिने गेले. वाणी आता आमच्या तोंडाकडे निरखून बघायची, ओठ हलवायची. आवाज नाही.

शेवटी आईचा धीर सुटला. "मॅडमचं चालू दे. पन पोपटाचा उष्टा पेरू चारा तिले. तुलेही चारला होता."

"मग?"

"लय मोठा होता, थेच चुकलं!"

मी शिकलेला माणूस. असल्या गोष्टींवर माझा अजिबात विश्वास नाही. म्हणूनच रविवारी दुपारी, कोणी बघत नाही असं पाहून, मी शेजारच्या इंगळे गुरुजींच्या पेरूवर चढलो. निवृत्त मुख्याध्यापक असलेले गुरुजी त्या झाडाच्या पानालाही कोणाला हात लावू देत नाहीत. पण दुपारी झोपतात. आई खाली, फाटकाबाहेर, वाणीला कडेवर घेऊन मार्गदर्शन करत होती.

"थो नाही बे, थो वटवाघळाचा! वर पाय, वर!"

आमच्याकडे 'पाय' म्हणजे 'पाहा'. हे मला जन्मापासून माहीत आहे. पण फांदीला लटकलेल्या माणसाचं ज्ञान लटकलेलंच असतं. मी पाय वर घेतला!

कडाड! फांदी, तीन पेरू (एकही उष्टा नाही!) आणि मी असे एकदम गुरुजींच्या शेवंतीत. मी कसाबसा उठून फाटकाबाहेर आईशेजारी उभा राहिलो, तोच मोडकी फांदी हातात घेऊन गुरुजी आले.

"कोनी मोडली हे?"

"वानरं होती, गुरुजी!" माझा गुडघा सोललेला, केसांत पाला.

गुरुजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. अशी तोंडं त्यांनी जन्मभर पाहिली होती. मग ते वाणीकडे वळले. "बाळा, तू सांग. फांदी कोनी मोडली?"

"अहो, तिला अजून बोलता…"

"दहा!" आवाज ऐकून दारात आलेली वैशाली ओरडली. "दहा मोजा आधी!"

मी तोंड मिटलं. एक. दोन. पाचला वाणीने फांदीकडे पाहिलं. सातला माझ्याकडे. नऊला तिचे ओठ जुळले.

"बा-बा."

कोणी हललं नाही. मग वैशालीने धावत येऊन तिला छातीशी धरलं आणि रडायलाच लागली. आईने पदर डोळ्यांना लावला. माझं तर विचारूच नका. गुरुजींना काही कळेना. ते पुरते घाबरले.

"अहो, एका फांदीसाठी एवढं काऊन रडता? मी काही पोलिसात नाही जाऊन राह्यलो!"

संध्याकाळी मी वाणीला कडेवर घेऊन लंगडत गल्लीतल्या प्रत्येक दारात गेलो, आणि प्रत्येक दारात तिला विचारलं, "बेटा, गुरुजींची फांदी कोणी मोडली?" अकरा घरांत अकरा वेळा मी चोर ठरलो. बाराव्या घराला कुलूप होतं, याचं मला आजही वाईट वाटतं!