बलाढ्य फौज विरुद्ध शांतावहिनी

आमच्या गावात किस्से ठेवायला आता जागा उरलेली नाही. घरटी एक तरी माणूस फौजेतून रिटायर होऊन आलेला. सकाळी डेअरीत दूध घातलं की सगळे बाहेरच्या कट्ट्यावर बसणार, आणि रिकामी किटली घेऊन घरी जायची कुणालाच घाई नाही! मग काय, चहा येईपर्यंत एक किस्सा, चहा संपेपर्यंत दुसरा. मीही फौजेच्या सिग्नल तुकडीतला हवालदार, पेन्शनीत येऊन बरीच वर्षं झाली. बायको म्हणते, "दूध घालायला धा मिनिटं लागत्यात. बाकीचा येळ तितं कुणाची म्हस पिळता?"

आज सांगतोय ते सगळे किस्से एकाच लढाईचे आहेत. तिची सुरुवातही कट्ट्यावरच झाली. तात्याच्या मोबाईलवर कुठल्याशा देशातल्या युद्धाची बातमी लागली होती. तात्या म्हणजे फौजेतला लांगरी, सबंध कंपनीचा स्वयंपाक करणारा माणूस. तो म्हणाला, "एवढी इमानं, एवढं रणगाडं! आणि झाडीत लपणारी चार माणसं ह्यास्नी दमवत्यात तरी कशी?"

सुभेदार तेव्हा नुकतेच रिटायर होऊन आले होते. अंगात खादीचा शर्ट, पण मिशा अजून ड्युटीवर! ते म्हणाले, "प्लॅनिंग, तात्या, प्लॅनिंग कमी पडतं! माझ्या हातात मोहीम द्या, बघा कशी फत्ते करतो."

मोहीम लगेच हातात आली. त्यांच्या घरचीच.

भांडण कशाचं ते आधी सांगतो. सुभेदारांची विहिरीजवळ एक काळीभोर पट्टी आहे. सुभेदार सीमेवर असताना शांतावहिनींनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, वीस-बावीस वर्षं ती एकटीनं कसली आणि दरसाल तिथं हळद केली. सुभेदारांना तिथं ऊस पाहिजे होता. एकदा लावला की कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते, आणि ओळी कशा सरळ दिसतात! तर प्रश्न एवढाच होता, की विहिरीच्या रानात काय लावायचं हे ठरवणार कोण?

*

रिटायर झालेल्या जवानाची आमच्याकडे वाजतगाजत मिरवणूक निघते. सुभेदारांचीही निघाली. उघडी जीप, हार, गुलाल, सगळं झालं. कट्ट्यावर मोहिमेची ती बढाई मारली, त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच सुभेदारांनी अंगणात शिट्टी मारली आणि सगळ्या घराला फॉल इन केलं. वहिनी, म्हातारी आई आणि खुंट्यावर असल्यामुळे न हलता उभी राहिलेली एकटी म्हैस! मग ऑर्डर निघाली. चहा अमक्या वेळेला, धारा तमक्या वेळेला, विहिरीच्या रानात ऊस.

वहिनी प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणाल्या.

सुभेदार छाती फुगवून कट्ट्यावर आले. "पहिल्याच दिवशी संपूर्ण शरणागती! एका शब्दानं विरोध न्हाई!"

तात्या बशीतला चहा फुंकत होता. नोकरीतला निम्मा काळ त्याचा जंगलातल्या पोस्टिंगवर गेलेला. तो हळूच म्हणाला, "साहेब, आमी जंगलातल्या एका गावात गेलो तवा पहिल्या दिवशी सगळी हसूनच पाणी देत हुती."

*

वहिनी लग्नासाठी दोन दिवस माहेरी जाणार होत्या. तेवढ्यात रान साफ करून घ्यायचं, असा सुभेदारांचा बेत ठरला. त्यांनी तो फक्त आम्हाला सांगितला, आणि तोही इकडेतिकडे बघून, हळू आवाजात. "सोमवारी. बायकांची टोळी लावायची. कुठं बोलायचं न्हाई."

सोमवारी एकही बाई आली नाही. एकीच्या घरी पाहुणे, दुसरीची कंबर धरलेली, तिसरीची शेळी व्यायलेली!

सुभेदार लालबुंद होऊन कट्ट्यावर आले. "खबर फुटली कुठनं?"

आम्ही सगळे आपापल्या किटलीत बघायला लागलो. खरं सांगायचं तर फुटायला खबर फार लांब गेलीच नव्हती. मी बायकोला सांगितलं होतं, तात्यानं त्याच्या बायकोला. न सांगून राहायचं कुठं? जेवायला घरीच जायचं असतं!

सुभेदारांनी तिथल्या तिथं मनात नवा दिवस ठरवला आणि आम्हाला सांगायचं टाळलं. आमची खात्याबाहेर बदलीच केली म्हणा ना! तरी बुधवारी तात्याची बायको दूध घालायला आली आणि विचारती झाली, "भावजी, तुमचं आता गुरवारी ठरलंय न्हवं?"

सुभेदार उडालेच. "तुमास्नी कुणी सांगितलं?"

"शांताक्कानं. तुमीच न्हाई का तिला म्हणाला, गुरवारी चार भाकरी जादा टाक म्हणून?"

*

दर उन्हाळ्यात जतकडचा हरिबा धनगर आपली मेंढरं घेऊन येतो. मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखतानं रान भारी होतं. वहिनींचा आणि त्याचा हा जुना रिवाज. त्याची म्हातारी वहिनींना लेक मानते आणि येताना जतची ज्वारी घेऊन येते.

सुभेदारांनी ओळखलं, ही शत्रूला बाहेरून मिळणारी मदत आहे! ते रानाच्या तोंडाशी काठी घेऊन उभे राहिले. "हरिबा, यंदा मेंढरं आत येणार न्हाईत."

हरिबा म्हणाला, "बरं." बांधाला घोंगडं टाकलं आणि बसला. मेंढरंही बसली. कुत्र्याशी तो दोन शब्द कानडीत बोलला, तसं कुत्रंही पाय ताणून आडवं झालं.

ऊन चढलं. लिंबाची सावली हरिबाच्या बाजूला, सुभेदार उन्हात! कॉलर भिजली, पण गडी हलायला तयार नाही. मी पाण्याची बाटली घेऊन गेलो तेव्हा मिशीवरून घाम ओघळत होता.

शेवटी सुभेदारांनीच विचारलं, "किती दिवस बसणार हायस रं असा?"

हरिबानं तंबाखू मळता मळता मान वर केली. अगदी मायेनं म्हणाला, "मला कुठं जायाचंय? घरी तुमाला जायाचंय."

जेवणवेळेला सुभेदार घरी गेले. परत आले तर सबंध रान पांढरं-काळं झालं होतं.

*

जेवणाचा विषय सुभेदारांच्या डोक्यात तेव्हापासून बसला. एक दिवस म्हणाले, "आपली रसद शत्रूच्या हातात हाय! ज्याची भाकरी खायची त्याच्यावर चाल कशी करायची?" आणि त्यांनी तात्याला हाक मारली. वेगळी चूल मांडायची, फक्त सुभेदारांपुरती.

तात्याला कोण आनंद! किती वर्षांनी कुणीतरी त्याला कामाचं समजलं होतं. ॲप्रन बांधला, अंगणात विटा मांडल्या आणि बघता बघता देवळातलं मोठं पातेलं खिचडीनं काठोकाठ भरलं.

सुभेदार पातेल्यात बघतच राहिले. "तात्या, माणसं किती?"

"एक, साहेब."

"मग हे?"

तात्या बिचारा कावराबावरा झाला. "साहेब, सगळी नोकरी कंपनीला शिजवण्यात गेली. कमी कसं शिजवायचं ते कुणी शिकवलंच न्हाई!"

त्या दिवशी सबंध आळी सुभेदारांच्या अंगणात जेवली. वाढायला अर्थातच शांतावहिनी. खिचडी मात्र झक्क झाली होती. जाताना प्रत्येक बाई वहिनींचा हात धरून म्हणाली, "लय बरं वाटलं शांताक्का. लागलं तर कवाबी हाक मार, आमी हाय!"

सुभेदार ओसरीवर रिकामी ताटली घेऊन बसले होते. त्यांना खिचडी उरली नव्हती.

*

मग निघालं अवजड हत्यार. कुंडलहून मोठा ट्रॅक्टर आला, घरात शिरला तर घर मागं सरेल एवढा! उसासाठी सऱ्या सोडायच्या, एका दिवसात विषय संपवायचा. सुभेदार मडगार्डवर बसून निघाले. आम्ही मागून चालत.

विहिरीच्या रानाकडे जायला एकच गाडीवाट, पाटाच्या कडेकडेनं. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीऐवजी दिवसाची होती. सकाळी वहिनींनी म्हशीला पाणी पाजायला मोटर चालू केली, आणि ती बंद करायची राहिली म्हणे. पाट फुटून वाटेचा नुसता राडा झालेला. ट्रॅक्टर शिरला तो थेट पोटापर्यंत रुतला. जितकं ॲक्सिलेटर द्यावं तितका आणखी खाली! एवढं धूड जागेवर गुरगुरत होतं आणि चिखल सुभेदारांच्या मिशीपर्यंत उडत होता.

तेवढ्यात बांधावरून वहिनी आल्या. डोक्यावर बुट्टी. भाकरी, झुणका, खरडा, ताक. ड्रायव्हरला म्हणाल्या, "दमला असशील बाबा. आदी जेव. ट्रॅक्टर कुठं पळतोय?"

ड्रायव्हर जेवला. पोटभर जेवला. ताकाची लोटकी खाली ठेवली, तृप्त ढेकर दिला आणि सुभेदारांच्या समोरच विचारलं, "काकू, हळदीच्या सऱ्या सोडायला कवा येऊ?"

*

ड्रायव्हर आला तो वाट वाळल्यावर, आणि हळदीच्या सऱ्या सोडूनही गेला. त्यानंतर सुभेदार कट्ट्यावर गप्प बसायला लागले. आम्हालाही काळजी वाटायला लागली. चेष्टा केली तरी हसत नव्हते. तात्या एकदा म्हणाला, "साहेब, ती बातमी बघायची का, युद्धाची?" तर म्हणाले, "नको रं."

अखेर अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे हळदीची लावण त्याच मुहूर्ताला. सकाळीच बातमी पसरली, की वहिनींनी बेणं रानात नेलंय. आणि पाठोपाठ दुसरी, की सुभेदारही निघालेत, कडक इस्त्रीत, बूट चकाकते! आम्ही चहा तसाच टाकून पळालो.

बांधावर पोचलो तेव्हा बायकांची टोळी सरीत वाकली होती. सुभेदार पलीकडून येऊन उभे राहिले. एकेक बाई सरळ झाली. तात्या माझ्या कानात म्हणाला, "आज काय खरं न्हाई."

वहिनी पुढं आल्या. हात कोपरापर्यंत मातीत. इतके दिवस ही बाई एक वाकडा शब्द बोलली नव्हती.

"आवं, एक बोलू? तुमी तिकडं होता. टपालाची वाट बघून डोळं दुखायचं. कुठं काय झाल्याची बातमी आली की मी हितं यून बसायची. घरात रडले असते तर तुमच्या आईस्नी कळलं असतं. ह्या रानानं मला त्या दिवसांत सांभाळलंय. बाकी समदं तुमच्या मनासारखं करा. हे तेवढं माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

माझी बायकोही त्या बायकांत होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला कुठं बघावं ते कळेना.

सुभेदार बांधावर बसले, नाड्या सोडल्या, मोजे काढून आत कोंबले. दोन्ही बूट शेजारी शेजारी, टोकाला टोक लावून ठेवले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरीत उतरले.

"किती अंतरावर लावायचं?"

वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि मातीचा हात पुढं करून दाखवलं. "एवढं. वीतभर."

सुभेदारांनी बुट्टीतलं बेणं उचललं, वाकले, पहिला गड्डा लावला. दुसरा लावला. मग कमरेवर हात ठेवून वळले आणि परेड ग्राउंडवरच्या आवाजात आमच्यावर ओरडले,

"तितं हुबं ऱ्हाऊन बघताय काय रं? बूट काढा!"