निळ्या फुलाचा गालिचा

कणीक अर्धीच मळून झाली होती. तामू परातीपुढे गुडघे टेकून मुठींनी ती रेटत होती, तोच शेजारची घीता धापा टाकत दारात आली.

"ऊठ गं! तुझा गालिचा मफद्दलनं दुकानाच्या तोंडाशीच टांगलाय. कोपऱ्यातलं निळं फूल माझ्या डोळ्यांनी पाहून आले."

तामूनं हात धुतले, झग्याची टोपी डोक्यावर ओढली. रोज नमाज झाल्यावर हात पसरून ती मुलींसाठी मागायची, पोटासाठी मागायची, आणि गेले आठ महिने शेवटी हळूच हेही मागायची, की तो गालिचा विकायला बाहेर निघावा.

रबातच्या जुन्या शहरात तामूच्या हाताला मान होता. अकराव्या वर्षी ती आईशेजारी मागावर बसली. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा त्याच मागानं दोन मुली वाढवल्या आणि नांदायला धाडल्या. लोकर वसंतात मेंढीच्या अंगावरून कातरलेली, म्हणजे जिवंत, तीच ती वापरायची. कातडी कमावणारे चुन्यात भिजवलेल्या चामड्यावरून जी ओरबाडून काढतात ती मेलेली लोकर. तिला चमक नसते, रंग धरत नाही. तामूनं ती कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही.

आठ महिन्यांपूर्वीच्या गुरुवारी बाजाराच्या गल्लीत तिचा गालिचा लिलावाला निघाला. दलाल तो खांद्यावर टाकून बोली पुकारत फिरत होता. त्या खेपेला विणताना शेवटच्या कोपऱ्यात लाल लोकर संपली होती, म्हणून तिनं एक फूल निळं भरलं होतं. मफद्दल व्यापाऱ्यानं ते सगळ्यांना दाखवलं. "मावशीला मोतीबिंदू झाला वाटतं!" गल्ली हसली. मग त्यानं एक धागा उपटला, नाकाशी धरला आणि तोंड वाकडं केलं. "मेलेली लोकर आहे. चुन्याचा वास मारतोय."

बोली तिथंच पडली. शरमेनं तामूच्या तोंडून 'द्या' एवढंच निघालं, आणि मफद्दलनंच गालिचा मातीमोल भावात उचलला. त्यानंतर एकही दलाल तिचं काम खांद्यावर घेईना. हाताखालच्या पोरी दुसऱ्या मागावर गेल्या. पन्नास वर्षांचं नाव एका हुंगण्यात गेलं.

आजही गुरुवारच होता, लिलावाचा दिवस. तामू दुकानात शिरली नाही. समोर पितळेच्या तबकांआड उभी राहिली. थोड्या वेळानं कैरोहून फिरायला आलेल्या एक बाई निळ्या फुलापाशी थांबल्या. तामू शेजारच्या चहाच्या टपरीवर गेली. बाजाराचे अमीन हाज्ज बुश्ता तिथं पुदिन्याचा चहा पीत बसले होते. बाजारातला तंटा तेच तोडायचे.

"हाज्ज, जरा येता? मफद्दल माझं कौतुक करतोय. एकटीनं ऐकायला लाज वाटते."

दोघं दुकानाशी आले तेव्हा मफद्दलची त्यांच्याकडे पाठ होती. "हात फिरवून बघा ना बाईसाहेब! जिवंत लोकर, वसंतातली. आईच्या डोक्याची शपथ! असं विणणारा हात आता रबातमध्ये उरला नाही."

"उरलाय," तामू म्हणाली. "हा बघ."

तो वळला. अमीनना पाहून त्याचा चेहरा उतरला. "मावशी! या ना आत, चहा घ्या."

"चहा मी घरी पिते. आठ महिन्यांत ही मेलेली मेंढी जिवंत कशी झाली, तेवढं सांग."

"तो हा गालिचा नव्हेच..."

"निळं फूल तूच गावाला दाखवलंस ना?" अमीन म्हणाले. त्यांनी धागा उपटून हुंगला, काडी पेटवून जाळून पाहिला आणि मान हलवली. "जिवंत आहे. तेव्हा खोटं बोललास. आता काय करायचं ते ही सांगेल."

मफद्दल हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, लिलाव उठल्यावर मी चार माणसांत माफी मागतो."

"त्या दिवशी लिलाव उठायची वाट पाहिली होतीस?"

"तामू," अमीन म्हणाले, "माफ करणारा अल्लाला आवडतो."

"अल्ला मोठा आहे हाज्ज, मी लहान बाई आहे. गालिचा यानं स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा. दलालासारखं तीन फेऱ्या ओरडत फिरायचं."

कैरोच्या बाई खरेदी विसरून पायरीवर बसल्या. रेशमी झग्यातला मफद्दल ओझ्याखाली वाकून निघाला. "जिवंत लोकर! तामूचा हात! मी खोटं बोललो!"

"मोठ्यानं," तामू म्हणाली. "मोतीबिंदू झालेल्यांना ऐकूही कमी येतं."

गल्ली पुन्हा हसली. दुसऱ्या फेरीला त्याचा आवाज फाटला. अमीननी तिच्याकडे पाहिलं, पुरे म्हणेल म्हणून. ती म्हणाली नाही. तिसरी फेरी संपेपर्यंत जागची हललीही नाही. आठ महिने तिला पाहून मान फिरवणारा दलाल लगबगीनं पुढं आला, "तामूबाई, नवं काही मागावर आहे का?"

"आहे. पण तुझ्या खांद्यासाठी नाही."

पाठ ताठ ठेवून ती गल्लीबाहेर पडली. मफद्दलची आई आणि बायको दर गुरुवारी दुपारी बायकांच्या सार्वजनिक हमामात येतात. तामूला आता अंघोळीला तिथंच जायचं होतं.