वहिनीचं माप

आमच्या वर्कशॉपमध्ये सोमवारी सकाळचं पहिलं काम ठरलेलं असायचं. वहिनीचं माप घ्यायचं. छाती, कंबर, सीट, दंड, मुंढा. मी टेप लावायचे, आकडे वहीत लिहायचे आणि मगच त्या आठवड्याच्या कापडाला कात्री लागायची. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर ती घरात नुसती बसून असायची, म्हणून मीच तिला इथे घेऊन आले. कटिंग माझ्याकडे होतं, माझा शब्द चालायचा. माझं ऐकून सगळेच तिला वहिनी म्हणायला लागले, मॅडमसुद्धा.

मॅडम आमच्या डिझायनर. जाड बायकांचे कपडे करतात. त्यांच्यासमोर ‘जाड’ म्हणायची सोय नाही, ‘प्लस साइझ’ म्हणायचं. मी जाडच म्हणते, माझी जीभ आता कुठे वळायची. पण बाईचं डोकं मात्र लाखातलं. बाकीचे लोक बारीक मुलीचा ड्रेस घेतात आणि चारी बाजूंनी वाढवत नेतात. बाई काय फुगा आहे, सगळीकडून सारखी फुगायला? एकीचं पोट पुढे असतं, एकीचे दंड भरलेले असतात. म्हणून मॅडमना जिवंत बाई हवी होती, जिच्या अंगावर कपडा बेतता येईल.

वहिनीला जन्मभर तिच्या अंगावरून बोलणी बसली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझी आई म्हणाली होती, “सून आणलीय की कपाट?” तेव्हा मीही हसले होते. खोटं कशाला बोलू? आणि इथे पहिल्याच दिवशी मॅडम तिला म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही आहात तशाच राहा. एक इंचही कमी होऊ देऊ नका.” त्या दिवशी घरी जाताना वहिनी रस्ताभर रडत होती, आणि मी लोकांना सांगत होते की हिच्या डोळ्यात कचरा गेलाय.

वहिनीनेच आम्हाला स्टूल शिकवलं. ड्रेस अंगात घालून आरशासमोर सगळ्याच छान दिसतात, ती म्हणायची, बसल्यावर खरं काय ते कळतं. मग ती ठोकळ्यासारख्या लाकडी स्टुलावर बसायची, दोन्ही हात वर करायची, वाकून चप्पल घातल्यासारखं करायची. “मांडीवर दाटतंय,” “काखेत मुंढा काचतोय.” ती ‘बसतं गं’ म्हणेपर्यंत एक ड्रेस पुढे जायचा नाही. पुढे एका नावाजलेल्या नटीने, तीही अंगाने भरलेली, आमचे कपडे घालायला सुरुवात केली आणि मॅडमचं नाव झालं. चौकातल्या दुकानाच्या काचेत नटीचा पुरुषभर उंच फोटो लागला. येता-जाता वहिनी तिथे थांबायची. “त्या बाहीत दंड माझा आहे,” म्हणायची आणि स्वतःच लाजायची.

गेल्या वर्षी एका सोमवारी टेप लावताना माझ्या बोटांना खटकलं. सीटचा आकडा बरोबर तोच, चोपन्न. पण टेप ओढली की अंग थोडं दबतं, सैल सोडली की पुन्हा वर येतं. इथे दबलं ते दबलेलंच राहिलं. तीस वर्षं कापड हाताळतेय मी. कापूस मला कळणार नाही? वहिनीने कमरेला आणि सीटवर आतून कापसाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. मी वर पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती.

मला वाटलं, बिचारी बारीक होतेय आणि काम जाईल म्हणून घाबरलीय. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी चोपन्न लिहिलं, छाती-दंडाचे जुनेच आकडे उतरवले आणि वही मिटली. पुढचे पाच महिने तेच. कापूस वाढत गेला, आकडा हलला नाही, आम्ही दोघी त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. एकदा जेवताना ती म्हणाली, “शेजारीण विचारत होती, काय खातेस म्हणून. किती छान दिसतेस म्हणाली. हे ऐकायला मी चाळीस वर्षं थांबले गं.” तिच्या डब्यात निम्मं जेवण तसंच होतं. बारीक बाई रोडावली की लोक विचारतात, बरं नाही का? जाड बाई रोडावली की शाबासकी देतात. मी तरी काय वेगळं केलं? डबा पाहिला आणि गप्प बसले.

त्या मोसमाचे सगळे कपडे त्या कापसावर बेतले गेले. वहिनी स्टुलावर बसायची आणि म्हणायची, “बसतं गं.” तिला आत काही जाणवतच नव्हतं. बाई बसली की पसरते, कापूस पसरत नाही. एका समारंभात नटी पहिल्या रांगेत खुर्चीत बसली आणि तिच्या ड्रेसची शिवण मांडीपासून कमरेपर्यंत उसवली. तिने शाल पांघरून वेळ निभावली. पाठोपाठ दुकानांतून कपडे परत यायला लागले, सगळ्यांची तक्रार एकच. उभं राहिलं तर छान, बसलं की काचतं.

मॅडमनी वही मागितली. मी द्यायच्या आधीच वहिनी पडद्यामागे गेली. बाहेर आली तेव्हा तिने पट्ट्या एकेक करून कटिंगच्या टेबलावर ठेवल्या. सात होत्या. ड्रेस तिच्या अंगावर दोरीवर टाकल्यासारखा लोंबत होता. “हिला काही बोलू नका मॅडम,” ती म्हणाली. “हिला माहीत नव्हतं.” मॅडमनी कपड्यांचं नावसुद्धा काढलं नाही. तिला हाताला धरून गाडीत घातलं आणि थेट दवाखान्यात नेलं.

आजार पोटातला होता आणि बराच पसरला होता. डॉक्टर मला म्हणाले, “चार-पाच महिने आधी आणलं असतंत तर काही करता आलं असतं.” माझ्या पिशवीत ती वही होती, पाच महिन्यांचे सोमवार आणि प्रत्येकापुढे माझ्या अक्षरात चोपन्न.

शेवटी ती माझ्याच घरी होती. एक दिवस म्हणाली, “इतके ड्रेस माझ्या अंगावर झाले, त्यातला एकही माझा नव्हता. एक शीव की. आत्ताच्या मापाचा.” मी टेप आणली. सीट छत्तीस. माझा हात थांबला तशी ती म्हणाली, “लिही.” मी लिहिलं. तिच्या आवडीचं गडद निळं कापड आणलं, अस्तर लावलं, आठ दिवसांत ड्रेस पुरा केला.

तिला तो घालून मी पलंगाच्या कडेला बसवलं. तिने सवयीने हात वर करायला घेतले, ते खांद्यापर्यंतच गेले.

“बसतं गं,” ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, “बसतं ना? खरं सांग.”

“दोन इंच ढिला झालाय, वहिनी.”

तिने माझा हात हातात घेतला आणि थोपटला. “हे तेव्हा सांगायचंस,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.