मतभेदासह मान्य

आमच्या पुणतांब्यात शामकांतकाका मुळ्यांइतका पाण्याचा जाणकार दुसरा नाही. पाण्याला हातही न लावता जाणकार झालेला तर जगात दुसरा नसेल. एकतीस वर्षं त्यांनी एका धरणावर नोकरी केली. धरण दोन राज्यांचं. भिंत आपल्या हद्दीत, पाण्यात वाटा शेजारच्या राज्याचा, आणि वीजघरातून निघालेल्या तारा दोन दिशांना गेलेल्या. काकांचं काम एवढंच, की रोज सकाळी आठ वाजता पायऱ्या उतरायच्या आणि भिंतीवरच्या मोजपट्टीवर पाणी कुठवर आलंय ते वहीत लिहायचं. या कामाला एक माणूस पुरून उरला असता. पण राज्यं दोन, म्हणून माणसं दोन आणि वह्याही दोन. शेजारच्या राज्याच्या माणसाचं नाव सहादेव.

मोजपट्टी मात्र एकच होती. पाणी जास्त भरलं, तर शेजारच्यांना जास्त सोडावं लागे. म्हणून वाऱ्यानं लाट हलली की सहादेव लाटेचा माथा वाचायचा आणि काका लाट उतरल्यावरची खूण. दोघं एकमेकांकडे पाठ करून आकडा लिहायचे, मग वह्यांची अदलाबदल करायचे आणि आकड्याखाली एक ओळ टाकायचे, ‘मतभेदासह मान्य’. सह्या झाल्या की दोघं मिळून चहाला. एकतीस वर्षांत आकडा एकदाही जुळला नाही, याचा काकांना केवढा अभिमान! एकदा सहादेव तापानं फणफणला, तेव्हा काकांनी दोन्ही वह्या एकट्यानं भरल्या. सहादेवच्या वहीत त्यांनी दोन सेंटिमीटर जास्त लिहिले. “मग? तो आजारी म्हणून त्याच्या राज्याचं नुकसान करू?” असं ते आजही विचारतात. इतका प्रामाणिक माणूस मी तरी पाहिला नाही.

असा माणूस निवृत्त होऊन गावी आल्यावर गाव त्याला सुखानं पेपर वाचू देईल होय? आमच्या शेतांना पाटाच्या चारीचं, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याचं, पाणी येतं. चारी आधी आप्पासाहेबांच्या उसाजवळून जाते आणि शेवटी, जीव उरला तर, रतनबाईंच्या पेरूच्या बागेत पोचते. पाळ्या घड्याळावर ठरलेल्या. रतनबाईंची पाळी गुरुवारी सकाळी सहा ते बारा. त्या वेळात आप्पासाहेबांनी उसाकडे पाणी वळवणारं चारीचं तोंड बंद करायचं असतं, आणि ते करतातही. पण का कोण जाणे, नेमक्या गुरुवारीच घुशी बांध पोखरतात. आमच्याकडच्या घुशींना वारांचं ज्ञान फार.

गेल्या मे महिन्यात रतनबाई काकांकडे आल्या. बागेला ताण दिलेला होता. पेरूची झाडं उन्हाळ्यात मुद्दाम तहानलेली ठेवतात आणि मग भरपूर पाणी देऊन ताण तोडतात, म्हणजे फूल लागतं. पाणी वेळेवर मिळालं नाही, तर झाड रुसतं आणि वर्ष गेलं. पाटाचं उन्हाळ्यातलं ते शेवटचं आवर्तन होतं, आणि त्यात रतनबाईंची एकच पाळी.

“काका, दोन राज्यांचं पानी तुमी वाटलं. आमचं दोन शेतांचं तेवढं बघा.”

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी पाणी कधीच वाटलं नव्हतं, फक्त वाचलं होतं. पण हे त्यांच्याही लक्षात आलं नाही, आमच्याही नाही. दोन दिवसांत त्यांनी चारीच्या भिंतीवर ऑइलपेंटनं मोजपट्टी रंगवली, दोन नव्या वह्या आणल्या आणि नियम केला. पाळी बदलताना दोन्ही बाजूंनी आकडा वाचायचा, सह्या करायच्या. सह्या होईस्तोवर जैसे थे. साक्षीदार म्हणून मला नेमलं.

गुरुवारी सहाला आम्ही चारीवर हजर. पाणी आप्पासाहेबांच्या उसात चाललेलं, कारण आधीची पाळी त्यांची. काकांनी आकडा वाचला, एकवीस. आप्पासाहेब वाकले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “साहेब, मला तर सतरा दिसत्यात. आन् तुमचा शून्य गाळावर धरलाय का फरशीवर?”

काकांचा चेहरा असा उजळला, की मुलगी लीना परदेशातून आली तेव्हाही उजळला नव्हता. सहादेवनंतर पहिल्यांदाच कुणीतरी मोजपट्टीबद्दल इतक्या आस्थेनं भांडत होतं! त्यांनी गाळ मोजला. मग वाऱ्याचा मुद्दा निघाला. मग आप्पासाहेबांना आठवलं, की आपला चष्मा श्रीरामपूरला दुरुस्तीला टाकलाय. “चष्म्याबिगर सही करनं बरं न्हाई, साहेब. उद्या कुनी बोट दाखवायला नको.” काकांनी स्वतःचा चष्मा काढून दिला. त्यातून आप्पासाहेबांना एकोणीस दिसले. प्रगती होती. काकांनी तसं नोंदवलंही.

हे सगळं चाललं होतं आणि पाणी जैसे थे उसात चाललं होतं. रतनबाई फावडं घेऊन उभ्या होत्या. मी काय करत होतो? मीही वाकून आकडा बघत होतो. मला वीस दिसत होते. आज ते लिहिताना लाज वाटते.

“काका,” रतनबाई शेवटी म्हणाल्या, “साडेधा वाजलं. झाडाला काय आकडा पाजू?”

काकांनी मान वर केली. उसाकडे पाहिलं, चारीच्या कोरड्या टोकाकडे पाहिलं आणि हातातल्या दोन वह्यांकडे पाहिलं. वह्या त्यांनी बांधावर ठेवल्या. मग पँट न दुमडता ते चारीत उतरले, गोणपाट आणि चिखल घेऊन दोन्ही हातांनी उसाचं तोंड बुजवू लागले. “साहेब, सह्या व्हायच्यात!” आप्पासाहेब ओरडले. काकांनी आणखी एक गोणपाट दाबलं. आमच्या चारीतल्या वीतभर पाण्यात हा माणूस कोपरापर्यंत चिखलानं माखला होता, आणि मला भडभडून आलं.

पाणी बागेत पोचलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. बाराच्या ठोक्याला आप्पासाहेबांनी आपलं तोंड उघडलं. घड्याळाबाबत त्यांचा काहीच मतभेद नव्हता. निम्मी बाग भिजली होती.

डिसेंबरात रतनबाई पाटीभर पेरू घेऊन काकांकडे आल्या. मीही तिथंच बसलो होतो. पेरू मोठे, पिवळे, घरभर वास. काकांनी एक उचलला, पण खाल्ला नाही.

“आणि त्या बाजूच्या झाडांचं काय?” त्यांनी विचारलं. “ज्यांना पाणी पोचलं नाही?”

रतनबाई रागावलेल्या नव्हत्या. पदरानं पाटी पुसत त्या सहज म्हणाल्या,

“त्येंचं पीक तुमच्या वहीत हाय की, काका.”