आत्याच्या जागी आई

आमच्याकडे आत्याशिवाय बारसं होत नाही. बाळाच्या कानाला तोंड लावून नाव सांगायचं ते तिनंच. भावाचं बाळ दिवस भरायच्या आधीच झालं, जालन्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिलं. ते सुखरूप घरी आल्यावर मंठ्याजवळच्या आमच्या गावी बारसं ठरलं. मी एकुलती एक आत्या. कुंचीसुद्धा मी स्वतः शिवली, आणि शिवणात माझा हात किती वाकडा आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

बारसं तोंडावर आलं असताना शाळेतल्या बाईंचा फोन आला. बदनापूरला आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवतो, दुपारी एकाच डब्यात जेवतो. त्यांना कोरोना निघाला होता. "आता साधी सर्दीच असते, घाबरू नका," असं त्याच मला सांगत होत्या. मला काहीच होत नव्हतं, तरी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, थोडे दिवस मास्क लावा, घसा दुखला किंवा ताप आला तर लगेच तपासून घ्या, आणि तान्ह्या बाळाजवळ सध्या जाऊ नका.

मी भावाला तसं कळवलं. "आक्का, तुला ताप न्हाई, खोकला न्हाई, मंग काय झालं?" तो चिडलाच. मी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूश होते. शिकल्यासवरल्याचा उपयोग झाला, असा तोरा होता मनात. त्याच तोऱ्यात मी म्हणाले, माझ्या जागी आई येईल.

आई माझ्याकडेच राहते. कुंची पिशवीत घालून ती बारशाच्या आदल्या दिवशी एसटीनं गेली. जाताना म्हणाली, "तुझ्यापरीस मोठ्यानं सांगते नाव, बघ."

शाळेत मी दिवसभर मास्क लावून शिकवत होते आणि घराच्या दारात आल्याबरोबर तो खुंटीला अडकवत होते. घरात कोण परकं होतं? आई माझ्या डोक्याला तेल लावायची, एका खोलीत आम्ही झोपायचो, चहासुद्धा एकमेकींच्या कपातला प्यायचो. आजार बाहेरून येतो, बाहेरच्यांना होतो, असं माझ्या डोक्यात कुठंतरी घट्ट बसलेलं होतं. मी लांब राहिले म्हणजे झालं, असं मला खरोखर वाटलं.

बारशाच्या सकाळी माझा घसा धरला, अंग मोडून आलं. मेडिकलवरून किट आणून तपासलं. दोन रेघा उमटल्या. मी भावाला फोन लावला तेव्हा मागं बायकांचा पाळणा चालू होता.

"आई कुठंय?"

"इथंच. बाळाला मांडीवर घेऊन बसून राह्यली. का गं?"

"बाळ काढून घे तिच्याकडून. तिला बाहेर बसव, जल्दी."

पुढचं मला भावानं सांगितलं. त्यानं आईच्या कानात सांगितलं, आई लगेच उठली. बाळ वहिनीनं घेतलं, नाव वहिनीच्या आईनं ठेवलं. आई तोंडाला मास्क बांधून ओट्यावर बसली, ताटही तिला तिथंच दिलं. बायकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मलाच जरा कणकण वाटून राह्यली." माझं नाव तिनं येऊ दिलं नाही.

आईला काही झालं नाही. बाळालाही नाही. मी थोडे दिवस अंथरुणावर पडून बरी झाले. भाऊ म्हणतो, बराबर वेळेवर सांगितलंस, आणि तो म्हणतो ते खरंच आहे. पण तिला पाठवलं मी, आणि भरल्या घरातून उठवलं तेही मीच. दोन्हींचं मला वाईट वाटतं, आणि त्यातलं कुठलं जास्त ते मला अजून ठरवता येत नाही.

परवा आम्ही दोघी गावी गेलो. बाळ आता रांगतं. आईला बघून ते सरळ तिच्याकडे निघालं, पदर धरून उभं राहायला लागलं. आईनं दोन्ही हात मागं घेतले आणि माझ्याकडे बघितलं.

"घेऊ का गं याला?"

"घे ना आई. मला काय विचारतेस?" मी म्हणाले.

तरी ती आधी हात धुवायला गेली.